आठवा हिस्सा कशाचा?

स्त्रियांचे आर्थिक स्वावलंबन हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. तलाक, पोटगी, मेहर, वारसा या सगळ्या लढायांच्या मुळाशी पैशाचा प्रश्न असतो, हे आपण मांडत आलो आहोत. तरीही या स्वावलंबनाचा आकडा सहसा कोणी विचारत नाही. म्हणून जळगावच्या तांबापुरा-मेहरूण भागात किंवा धुळ्याच्या यंत्रमाग वस्तीत महिलांची बैठक असली की मी एक साधा प्रश्न विचारते: तुमच्या घराकडे आज एकूण किती आहे आणि एकूण किती देणे आहे?

उत्तरे ठरलेली असतात. दळणाचे किती, गॅसचे किती, मुलाच्या क्लासची फी किती, हे बायांना रुपयापर्यंत तोंडपाठ असते. पुढचे मात्र 'मालकांना माहीत', 'त्यांच्या भावाला माहीत', 'पिग्मीवाल्याकडे लिहिलेले असेल'. खर्चाचा हिशेब बाईकडे आणि संपत्तीचा हिशेब पुरुषाच्या डोक्यात, अशी ही वाटणी आहे. पुष्कळ घरांत तर तो पुरुषाच्या डोक्यातही पुरता नसतो. थोडे सोने, दोन भिशा, एखाद्या पतसंस्थेची पावती, मेव्हण्याला दिलेले उसने, शेठची उचल, असे सगळे विखुरलेले असते आणि त्याची बेरीज कधी केलेली नसते.

ही बेरीज का करावी, याचे कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. केळी, कापूस आणि डाळींच्या व्यापारातून या जिल्ह्यात पैसा खेळत राहिला आणि त्याच्या आधाराने पतसंस्थांचे मोठे जाळे उभे राहिले. बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याज, ओळखीचा संचालक आणि रोज दुकानावर येणारा एजंट एवढ्यावर लोकांनी आयुष्याची कमाई ठेवली. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे बीएचआर, या मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवी अडकल्या, तेव्हा त्याचा फटका अनेक राज्यांतल्या ठेवीदारांना बसला. २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली आणि संस्था अवसायनात गेली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे टाकले. अडचणीतल्या ठेवीदारांच्या पावत्या कमी किमतीत घेऊन त्या बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीने वळत्या केल्या, असा आरोप त्या प्रकरणात झाला. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. ठेवीदाराने त्यातून काय शिकायचे, ते मात्र आजच स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. त्याआधी ते १ लाख होते. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. दुसरी गोष्ट, पैसे अडकल्यावर ज्याच्याकडे मूळ पावती, पासबुक, तारखा आणि रकमा नीट आहेत, त्यालाच तक्रार दाखल करता येते. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, पण कायद्याला कागद लागतो. तिसरी गोष्ट, ज्याला आपल्या एकूण बचतीचा आकडा माहीत नसतो, त्याला तिचा किती भाग एकाच ठिकाणी अडकला आहे हेही कळत नाही. सगळी अंडी एका टोपलीत आहेत, हे टोपली पडल्यावरच समजते.

या बाबतीत आपल्या समाजाची अडचण दुहेरी आहे. एकीकडे बँकांनीच आपल्याकडे पाठ फिरवल्याचा अनुभव आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात स्पष्ट नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना 'निगेटिव्ह झोन' ठरवून तिथे कर्जे देणे टाळले. दुसरीकडे, व्याजाच्या प्रश्नामुळे आपलीच अनेक माणसे बँकेपासून दूर राहतात. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. बँक आणि समाज यांच्यामधली ही जागा रिकामी राहिली. रिकाम्या जागेत कोण घुसते हे आपण पाहिले आहे.

हैदराबादच्या हिरा गोल्डचे प्रकरण २०१८ मध्ये आणि बंगळुरूच्या आयएमएचे २०१९ मध्ये उघडकीला आले. दोन्ही ठिकाणी भाषा एकच होती: हे व्याज नाही, हा हलाल नफा आहे, दर महिन्याला हातात मिळेल. ज्यांनी पैसे घातले त्यांत विधवा होत्या, निवृत्त शिक्षक होते, आखातात घाम गाळून परतलेले कामगार होते. धर्माचे नाव, ओळखीची दाढी किंवा बुरखा आणि मशिदीबाहेर वाटलेले पत्रक एवढ्यावर विश्वास बसला. इथे एक साधे गणित कामाला येते. ७२ ला वार्षिक टक्केवारीने भागले की पैसा किती वर्षांत दुप्पट होणार ते अंदाजे कळते. पोस्टात किंवा बँकेत ७ टक्के मिळत असतील तर दहा वर्षे लागतात. कोणी महिन्याला तीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ टक्के देतो म्हणाला, तर तो दोन वर्षांत दुप्पट करण्याचे वचन देतो आहे. कोणता प्रामाणिक धंदा वर्षानुवर्षे, महिन्यामागून महिना, न चुकता एवढे देतो? जळगावच्या सराफाला विचारा, धुळ्याच्या यंत्रमाग मालकाला विचारा. तेच हसतील.

व्याज घ्यावे की नाही हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तो इथे सोडवायचा माझा इरादा नाही. ज्यांना व्याज नको आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, नको असलेले व्याज वेगळे काढायचे तरी ते किती जमा झाले हे माहीत हवे. पासबुकात वर्षभरात व्याजाच्या नोंदी किती आणि त्यांची बेरीज किती, हे लिहून ठेवणाऱ्यालाच ती रक्कम बाजूला काढता येते. आणि ज्यांना कर्जरोख्यांऐवजी धंद्यात भागीदारी हवी, त्यांच्यासाठी शरियतच्या निकषांवर कंपन्या निवडणारे म्युच्युअल फंड सेबीच्या नियंत्रणाखाली उपलब्ध आहेत. त्यांत शेअर बाजाराची जोखीम पूर्ण असते, पण संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावून मालक पळून जाण्याची भीती तशी नसते.

आपल्याकडे हिशेबाची परंपरा नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. ज्या घरात जकात निघते, त्या घराला वर्षातून एकदा आपल्या मालमत्तेची पूर्ण मोजदाद करावीच लागते: रोकड, सोने-चांदी, दुकानातला माल, येणे असलेले पैसे, त्यातून देणे वजा. उरलेले निसाबपेक्षा जास्त असेल आणि त्यावर चांद्रवर्ष उलटले असेल, तर त्याचा चाळिसावा हिस्सा. आजचे आर्थिक सल्लागार ज्याला निव्वळ संपत्तीचा तक्ता म्हणतात, तो हाच. कुराणातली सर्वांत मोठी आयतही (२:२८२) उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे व्यासपीठावरून क्वचितच सांगितले जाते.

प्रत्यक्षात मात्र रमजानमध्ये बहुतेक घरांत जकात अंदाजाने निघते. 'मागच्या वर्षी पाच हजार दिले होते, यंदाही तेवढेच.' यात एक गमतीची चूकही सर्रास होते. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, हे सर्वांना पाठ असते. तो तोळा जुन्या मापाचा, साधारण ११.६६ ग्रॅमचा. त्याने साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम. आज जळगावच्या सराफ बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्या हिशेबाने निसाब पावणेनऊ तोळ्यांच्या आसपास जातो. शब्द तोच, माप बदलले. वहीत ग्रॅम लिहिले असते तर हा घोळ झालाच नसता.

तर वही कशी ठेवावी? मोबाइलवर अनेक अ‍ॅप आहेत, ज्यांना जमते त्यांनी जरूर वापरावीत. मला शंभर पानी वही जास्त विश्वासाची वाटते, कारण ती घरातल्या सगळ्यांना वाचता येते आणि तिला पासवर्ड नसतो. चार पाने पुरेत.

पहिल्या पानावर 'आपले काय आहे'. प्रत्येक बँक, पोस्ट, पतसंस्था यांची नावे, शाखा, खाते कोणाच्या नावावर आहे, वारस म्हणून कोणाची नोंद आहे आणि आजची शिल्लक. खाते क्रमांक लिहा, पिन किंवा ओटीपी कधीही लिहू नका. सोने लिहिताना वजन आणि शुद्धता लिहा, खरेदीची किंमत नव्हे. घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत. २२ कॅरेटच्या दागिन्यात शुद्ध सोने ९१.६ टक्केच असते आणि मोडताना घट धरली जाते. दागिना कोणाचा, हेही लिहा. सुनेला माहेरून आलेले सोने सासरच्या बेरजेत घालणे हा हिशेब नव्हे, तो ऐवज बळकावण्याची सुरुवात आहे.

दुसऱ्या पानावर 'आपले देणे'. शेठची उचल, बचत गटाचे कर्ज, किराणा दुकानाची उधारी, मोबाइलचा हप्ता. भिशीचा हिशेब इथे बहुतेकांचा चुकतो. बारा जणींची हजार रुपयांची भिशी असेल आणि तुमचा नंबर तिसऱ्या महिन्यात लागला, तर हाती बारा हजार आले, पण त्यांतले नऊ हजार कर्ज आहे, कारण नऊ हप्ते अजून भरायचे आहेत. नंबर शेवटी लागणार असेल तर भरलेले सगळे हप्ते ही बचत आहे. भिशी एकच, पण ती कोणत्या पानावर लिहायची ते नंबरावर ठरते.

याच पानावर नवऱ्याने आणखी एक ओळ लिहायची आहे आणि ती बहुतेक वह्यांत नसते: न दिलेला मेहर. निकाहनाम्यात मान्य केलेला आणि अजून न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. त्याच्या मृत्यूनंतर वारसांत वाटणी करण्याआधी इतर कर्जांबरोबर तोही फेडायचा असतो. मय्यतीच्या वेळी बायकोला 'मेहर माफ केला' असे म्हणायला लावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. शेठच्या उचलीला कोणी अशी माफी मागत नाही. जे कर्ज पहिल्या दिवसापासून वहीत लिहिलेले असते, ते असे गुंडाळून टाकणे कठीण जाते.

तिसऱ्या पानावर दर महिन्याची फक्त तीन आकड्यांची ओळ: आले किती, खर्च किती, उरले किती. चौथ्या पानावर कागद कुठे आहेत त्याची यादी: पावत्या, विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, निकाहनामा, घरपट्टी, मुलीचे सुकन्या खाते. दहा वर्षे हात न लागलेली बँक ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती कायमची बुडत नाही, वारसाला मागता येते. २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर अशा ठेवींचा शोधही घेता येतो. पण बाप कुठल्या गावी, कुठल्या बँकेत खाते ठेवून गेला, हेच माहीत नसेल तर शोध लांबतो.

आता स्वावलंबनाच्या आकड्याकडे येऊ. 'आर्थिक स्वातंत्र्य' म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमा करा, मग काम न करता जगता येईल, असे एक सूत्र हल्ली तरुणांच्या मोबाइलवर फिरते. ते अमेरिकेतल्या बाजाराच्या अनुभवावरून आले आहे. महिन्याला १८ हजार खर्च असणाऱ्या घराला त्या सूत्राने ५४ लाख रुपये हवेत. धुळ्याच्या यंत्रमाग कामगाराला हा आकडा सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे आहे. पण म्हणून हिशेबच सोडून देणे हे त्याहून वाईट.

मला दुसरे माप उपयोगी वाटते. आहे त्यातून देणे वजा करा आणि एका महिन्याच्या खर्चाने भागा. उत्तर येईल ते तुमच्या स्वातंत्र्याचे महिने. उदाहरण म्हणून एक घर घेऊ. नवरा मागावर, बायको घरी शिलाई करते, महिन्याचा खर्च १८ हजार. बँकेत २२ हजार, न उचललेल्या भिशीत १० हजार, एकूण ३२ हजार. शेठची उचल ४० हजार, किराणा ६ हजार, एकूण देणे ४६ हजार. बाकी उणे १४ हजार, म्हणजे उणे तेवीस दिवस. बायकोचे सोने यात धरलेले नाही, कारण ते तिचे आहे. हे घर शून्याच्याही खाली आहे. उचल फिटेपर्यंत नवऱ्याला दुसऱ्या मागावर जाता येत नाही, मजुरीसाठी भांडता येत नाही. स्वातंत्र्य म्हणजे 'नाही' म्हणण्याची ताकद, हे इथे आकड्यात दिसते.

या घराने महिन्याला दीड हजार वाचवले तर शून्यावर यायला दहा महिने लागतील. त्यानंतर सहा महिन्यांचा खर्च, १ लाख ८ हजार, गाठीला बांधायला आणखी सहा वर्षे. आजारपण, लग्न, बंद पडलेला माग हे सगळे मध्ये येणारच, महागाईने खर्चाचा आकडाही वाढत जाणार. रस्ता लांब आहे, हे लपवून उपयोग नाही. आणि मजुरी वाढवल्याशिवाय, वस्तीत बँकेची शाखा आणि स्वस्त कर्ज आल्याशिवाय नुसत्या वहीने गरिबी हटणार नाही, हेही मला मान्य आहे. पण उचल ४० हजारांची ३० हजारांवर आली, हे ज्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिले, तिला पुढच्या लग्नात पुन्हा २० हजार उचलण्याचा अर्थ कळतो. ती घरात प्रश्न विचारते. मजुरीचा प्रश्न संघटनेत मांडतानाही 'आम्ही गरीब आहोत' यापेक्षा 'आमच्या चाळीस घरांची बाकी एवढी उणे आहे' हे वाक्य जास्त जड पडते.

वही घरात स्त्रीच्या हाती का हवी, याचे आणखी एक कारण कोर्टात आहे. पोटगीच्या खटल्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात घालून दिले. काल धंदा जोरात चालवणारा नवरा प्रतिज्ञापत्रात अचानक कफल्लक होतो. तेव्हा बायकोजवळ तारीखवार नोंदी असतील तर वकिलाला उलटतपासणीला धागा मिळतो.

आणि वारसा. मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. मुलीला मुलाच्या निम्मा. हे प्रमाण न्याय्य आहे का, यावर आपली चळवळ बोलत आली आहे आणि बोलत राहील. पण बैठकांमध्ये जे ऐकू येते ते याच्याही आधीचे आहे. तो आठवा हिस्सासुद्धा बहुतेकींच्या पदरात पडत नाही, कारण आठवा हिस्सा कशाचा, हेच त्यांना माहीत नसते. दीर सांगेल तेवढी मालमत्ता. बँकेत वारस म्हणून भावाचे नाव असते आणि घरात सगळे समजतात की पैसे त्याचेच झाले. वारस म्हणून नोंदवलेली व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारणारी असते. मालकी कायदेशीर वारसांची राहते, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. हे सांगण्यासाठीही त्या बाईला खाते आहे हे ठाऊक हवे.

म्हणून माझी सूचना सोपी आहे. येत्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून, लिहून करावा. जिथे जकात बसण्याइतके नाही, त्या घरांनीही तो करावा, कारण उणे बाकी कळणे हेही कळणेच आहे. जळगाव आणि धुळ्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी मोहल्ल्यात एक दुपार यासाठी द्यावी, बारावी झालेल्या मुलींना आकडेमोडीला बसवावे. आणि वस्तीत जे जकात गोळा करतात, मदरसे, कमिट्या, मंडळे, आपली स्वतःची संघटनाही, त्या सर्वांनी आपला जमाखर्च फळ्यावर लावावा. घराला हिशेब विचारणाऱ्याने आधी आपला हिशेब दाखवला पाहिजे.

चाळिसावा हिस्सा असो की आठवा, तो काढण्याआधी पूर्ण आकडा लागतो. तो आकडा लिहिण्याचे काम कोणत्याही सरकारी योजनेची वाट न पाहता, आजच्या तारखेने सुरू करता येते.